स्वप्न लक्षात ठेवण्याचा चाकूर पॅटर्न

लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पहाटे उठायचं, पाठ करायचं, पेपरात उतरवायचं. त्याच जिल्ह्यातल्या आमच्या चाकूरच्या पॅटर्नची पाटी अजून कुठल्या क्लासवर लागलेली नाही. तोही पहाटेचाच आहे, पण उलट्या बाजूने. यात पाठ काही करायचं नसतं, कारण पेपर रात्रीच होऊन गेलेला असतो. आपलीच उत्तरपत्रिका तेवढी आपल्या हाती लागायची बाकी असते. रात्री पडलेलं स्वप्न सकाळच्या चहापर्यंत शाबूत नेणे, एवढाच या अभ्यासक्रमाचा आवाका. वयाची अट नाही, फी नाही, सीईटी नाही.

"मला बाबा स्वप्नंच पडत नाहीत" असं म्हणणाऱ्यांना पहिल्या फेरीत प्रवेश द्यावा. असा एक माणूस प्रत्येक पारावर असतो, आणि आपण निर्व्यसनी आहोत हे सांगावं त्या सुरात तो हे सांगत असतो. त्याला म्हणावं, पडतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपलेल्या माणसाची बुबुळं मिटल्या पापण्यांखाली मधूनमधून भराभर फिरतात, आणि नेमकं त्याच वेळी त्याला उठवून विचारलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. अ‍ॅसेरिन्स्कीने सुरुवातीला तारा चिकटवल्या त्या स्वतःच्या आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांभोवती. (आपल्याकडे झोपलेल्या नातवाला तारा लावायला घ्या, आजी काय म्हणते ते ऐका, मग अमेरिकेत शोध का लागतात ते कळेल.) नंतरच्या प्रयोगांत अशा झोपेतून उठवलेल्या दहातल्या आठ जणांनी तरी काहीतरी सांगितलंच. म्हणजे लेखीत सगळा गाव पास आहे. दांडी उडते ती तोंडी परीक्षेत.

आता वेळापत्रक. झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. पहिल्या फेरीत बुबुळं फिरण्याचा काळ जेमतेम काही मिनिटांचा. शेवटच्या फेरीत, म्हणजे पहाटे, तो अर्ध्या तासापर्यंत जातो. म्हणून लांबलचक, पात्रांनी भरलेली स्वप्नं पहाटेची. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण म्हणतो. माझ्या मते यात स्वप्नाचा मोठेपणा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. लक्षात राहिलेलं स्वप्न पहाटेचंच असतं, त्यामुळे खरं झालेलंही पहाटेचंच निघतं. रात्री बाराच्या स्वप्नाची बाजू मांडायला कोणी जागंच नसतं.

अग्निपुराणाने मात्र सगळ्यांना समान संधी दिली आहे. पहिल्या प्रहराच्या स्वप्नाचं फळ वर्षाने, दुसऱ्याचं सहा महिन्यांनी, तिसऱ्याचं तीन महिन्यांनी, चौथ्याचं पंधरवड्यात, आणि सूर्योदयाच्या वेळचं दहा दिवसांच्या आत. निकालाच्या इतक्या नेमक्या तारखा आजवर कुठल्या बोर्डाने जाहीर केल्या नाहीत. पण नवशिक्यांनी त्याच ठिकाणचा दुसरा नियम ध्यानात घ्यावा: चांगलं स्वप्न पडलं तर पुन्हा झोपू नये, वाईट पडलं तर पुन्हा झोपावं आणि ते कोणाला सांगूही नये. लक्षात ठेवायचं पथ्य आणि विसरायचं औषध दोन्ही एकाच पुडीत. पुन्हा डोळा लागला की आधीचं स्वप्न जातं हे त्या पुराणकर्त्याला माहीत होतं, आणि त्यासाठी त्याला कोणाला तारा चिकटवाव्या लागल्या नाहीत.

स्वप्न का जातं, याचं उत्तर थोडक्यात देतो, कारण डोक्यातली रसायनं पाहून नवशिका घाबरतो. स्वप्नाच्या झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन जवळजवळ बंद असतं, आणि घडलेली गोष्ट पक्की करायच्या कामात त्याचा हात असतो. पाहुणे आलेत, पण वहीत नाव लिहून घेणारा रजेवर. वर २०१९ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की ज्या या झोपेत जाग्या होऊन आठवण धरणाऱ्या भागाला दाबून ठेवतात. म्हणजे विसरणं हा आळशीपणा नसून खातं आहे, आणि त्या खात्यात भरती पूर्ण झालेली आहे. तेव्हा घरचे "काहीच कसं ध्यानात राहत नाही रं तुझ्या" म्हणाले तर मनाला लावून घेऊ नये.

खरी अडचण डोक्याबाहेर आहे. स्वप्न पिकतं पहाटे, आणि पहाट चाकुरात आपल्या मालकीची नसते. कार्तिक असला तर देवळात काकडा सुरू होतो. भोंग्यावर अजान होते. सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र गावाजवळच असल्याने वर्दीचं वेड इथं जरा जास्तच. भरतीची तयारी करणारी पोरं अंधारातच सोळाशे मीटर मारायला निघतात आणि जाताना मित्राला हाक मारतात ती गल्लीतल्या सर्वांना पोचेल अशी. शेजारच्या घरी नीटची तयारी करणारी मुलगी असते, तिचा अलार्म ती सोडून सगळ्यांना ऐकू येतो. आणि या सगळ्यांच्या वर नळ.

नळाला पाणी येण्याची पहाट नवशिक्याने जवळून अभ्यासावी, कारण अर्धी स्वप्नं तिथं वाहून जातात. आधी तोटीतून नुसती हवा येते. फुस्स, मग थोडं गुरगुरणं, मग पुन्हा फुस्स. हा आवाज झोपेतल्या माणसाला स्वप्नाच्या आतच ऐकू येतो आणि स्वप्न त्याला पदरात घेतं: कोणी तरी रडतंय, साप आहे, एसटीचं चाक बसलंय. मग गल्लीच्या वरच्या टोकाकडून "आलं, आलं" अशी हाळी येते. मग मोटारीची नळी तोटीला चढवण्याची झटापट, हंड्यावर कळशी आपटते, आणि शेवटी तुमच्या वाकळेचं टोक ओढलं जातं. "उठ की रं, पाणी आलंय. झोपलालास काय अजून?" या वाक्याला उत्तर म्हणून तुम्ही 'हो' म्हणालात, की संपलं. 'हो' म्हणायला जेवढी जाग लागते तेवढ्यात स्वप्न गेलेलं असतं.

ज्यांना शेती आहे त्यांचं मात्र बरं आहे, हे ऐकून शेतकऱ्यांना राग येईल. फ्रान्समधल्या लिओं शहरात २०१३ साली काही झोपणाऱ्यांची तुलना झाली. ज्यांना स्वप्नं नेहमी आठवतात ते रात्री मधेमधे जागे राहण्यात न आठवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ घालवत होते. जाग येते, तेवढ्यात एखादं चित्र पक्कं होतं, पुन्हा झोप लागते. आता ज्याच्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट पाळीने रात्रीची मिळते, जो बाराला उठून बटन दाबायला जातो, तीनला दारं मोडायला उठतो आणि मधल्या वेळात हरभऱ्याच्या बांधावर बाजेवर डुलकी काढतो, त्याच्याएवढी सोय त्या प्रयोगशाळेतसुद्धा नसेल. महावितरणने हा उपक्रम राबवताना स्वप्नांचा विचार केला असेल असं वाटत नाही. पण आमच्या भागात बारीकसारीक तपशिलासह स्वप्न सांगणारी माणसं बहुतेक शेतातून आलेली असतात, तहसीलच्या क्वार्टरमधून नाही. बाकी, रात्री घेऊन झोपणाऱ्यांनी या अभ्यासक्रमाला बसू नये. दारू पहिल्या अर्ध्या रात्रीची स्वप्नाची झोप खाते, आणि उरलेल्या अर्ध्या रात्रीचं हे लोक जे सांगतात ते स्वप्नच होतं याची खात्री देता येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती.

जाग आली की हलू नका. डावा हात उशीखाली असेल तर तो तिथंच राहू द्या, मुंग्या आल्या तरी. कूस बदलली की स्वप्न जातं, हे जगभरचे सगळे स्वप्न-मास्तर सांगतात. डोळे उघडू नका. छत दिसलं की छताचा विचार सुरू होतो; जुनं माळवद असेल तर पावसाळ्याआधी त्यावर माती टाकायची राहिलीय हे आठवतं, मग मातीचा ट्रॅक्टर, मग ट्रॅक्टरवाल्याची मागची उधारी, आणि उधारीपुढे कुठलं स्वप्न टिकलंय? मोबाईल तर हातात घेऊच नका. रात्रीतून आलेले दोनशे सुप्रभात संदेश हे नागोयाच्या त्या पेशींचं काम फुकटात करतात.

स्वतःला "काय पडलं होतं?" असं विचारू नका. हा मोठा प्रश्न आहे आणि मोठ्या प्रश्नाला मन टाळाटाळीचं उत्तर देतं. "आत्ता मला कसं वाटतंय?" असं विचारा. समजा उत्तर आलं, उशीर होतोय असं वाटतंय. ठीक. कशाला उशीर? गाडीला. कुठली गाडी? इथं एकदम लातूर रोड जंक्शनचा फलाट उभा राहतो, कारण आपल्या तालुक्यातल्या माणसाला गाडी चुकण्याचं स्वप्न पडलं तर ते त्याच स्टेशनवर पडणार. (स्टेशनचं नाव लातूरचं, तालुका चाकूरचा; असं स्टेशन जागेपणीही अर्धं स्वप्नातलंच वाटतं.) फलाटावर म्हशी आहेत. म्हशी रांगेत उभ्या आहेत. तिकीट-खिडकीत कै. आजोबा बसलेत, अंगात कोपरी आहे, आणि ते तुम्हाला काहीतरी महत्त्वाचं सांगतायत.

बास. आजोबा काय म्हणाले हे आठवायचा आटापिटा करू नका. शब्द सगळ्यात आधी जातात. मग चेहरे. जागा जरा टिकते, आणि आपण घाईत होतो, घाबरलो होतो किंवा उगाच खूश होतो, ही चव सगळ्यात शेवटपर्यंत राहते. कधी कधी दुपारच्या भाकरीपर्यंत. म्हणून उलट्या टोकाने चालायचं: चव, जागा, माणसं, आणि शब्द मिळाले तर मिळाले. वडवळ नागनाथचं वनौषधींचं बेट जवळच असल्याने तिथला अमुक पाला खाल्ला की सगळं आठवतं, असं सांगणारे या टप्प्यावर भेटतील. पाला खायला हरकत नाही. त्याने आठवलीच तर ट्रॅक्टरवाल्याची उधारी आठवेल.

एकनाथ महाराजांकडून शिकण्यासारखं इथं पुष्कळ आहे. पैठणला त्यांना स्वप्न पडलं: ज्ञानेश्वर आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागलीय, आळंदीला येऊन ती काढ. नाथ गेले, समाधीचं काम केलं, आणि त्या ओघातच ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध झाली, शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये. भक्तीची बाजू जाणत्यांनी पाहावी. मी विद्यार्थ्याच्या नजरेने पाहतो. स्वप्नात काय आहे? एक अवयव, एक वस्तू, एक गाव, एक काम. गळा, मुळी, आळंदी, काढ. असं स्वप्न नळाच्या फुस्सवर जात नाही. तुमच्या म्हशी-आजोबांच्या स्वप्नालाही अशा चार खुंट्या ठोका: खिडकी, कोपरी, रांग, उशीर. वही उशाशी असेल तर एवढेच चार शब्द अंधारात लिहा. वाक्य लिहू नका. वाक्य लिहायला घेतलं की त्याला कर्ता लागतो, क्रियापद लागतं, आणि व्याकरण बसवता बसवता आपण नसलेली गोष्ट घालतो.

वहीबद्दल: फ्रान्समध्ये हर्व्हे द सँ-दनी नावाच्या उमरावाने तेराव्या वर्षापासून स्वप्नांची वही ठेवली आणि १८६७ साली त्यावर पुस्तक काढलं, तेही आधी निनावी. तो उमराव होता, त्याच्या घरी पाणी भरायला माणसं होती. आपल्या घरी वही सापडली की आधी तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला जातो. चालेल. 'म्हशी' हा शब्द दोन्हीकडे खपून जातो.

मग येतो सांगण्याचा तास. लक्षात ठेवण्याच्या सगळ्या युक्त्यांत ही मला सर्वांत भरवशाची वाटते. स्वप्न दुसऱ्याला सांगितलं की ते आपल्या बोलण्यात बसतं, आणि बोलणं विसरायचं खातं वेगळं आहे, तिथं एवढी भरती झालेली नाही. पण कोणाला सांगावं? संत बहिणाबाईंचं उदाहरण नवशिक्याने घ्यावं. वेरूळकडच्या देवगावची ही मुलगी; कोल्हापुरात असताना तुकाराम महाराज तिच्या स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला. नवरा वेदपाठी ब्राह्मण. त्याला हे मुळीच रुचलं नाही आणि तिला मारही खावा लागला. तरी तिने ते पुढे आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत सविस्तर लिहून ठेवलं. तेव्हा घरातल्या माणसाला सांगताना त्याचा मूड पाहावा. बायकोला सांगायचं तर स्वप्नात दुसरी कोणी बाई नव्हती हे वाक्य पहिलं नको. कोणी विचारलं नसताना दिलेलं उत्तर फार वेळ लक्षात राहतं, तुमच्या नाही, तिच्या. आजीला सांगाल तर ती अर्थ सांगेल. कै. आजोबा आले म्हणजे काहीतरी मागायला आले. "काय म्हणले ते?" तुम्हाला आठवत नाही. "मंग जेवाया मागितलं असंल," असं म्हणून ती आमोशाला पान वाढायचं ठरवून टाकते. पोरं ऐकायच्या आत निघून जातात. आणि मित्र तुमचं स्वप्न अर्ध्यात तोडून स्वतःचं सुरू करतो, ज्यात तो नेहमी उडत असतो.

एवढं झालं की विद्यार्थ्याला एक रोग लागतो. तो भोकं बुजवायला लागतो. कालपर्यंत आजोबा नुसते काहीतरी म्हणत होते. आज, तिसऱ्यांदा सांगताना, ते म्हणतात "बाळा, घाई करू नको". श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. चौथ्यांदा गाडीचं नाव आणि सुटायची वेळही येते. हा रोग एकदम वाईट, कारण याने स्वप्न आठवतं असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते कायमचं जातं. बनवलेलं वाक्य खऱ्या भोकावर असं बसतं की पुढे भोक होतं हेच आठवत नाही.

यावर उतारा तुकाराम महाराजांचा. त्यांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, आणि तो त्यांनी एका अभंगात सांगितला आहे. तपशील किती बघा. गंगेवर स्नानाला जायच्या वाटेवर भेट झाली. डोक्यावर हात ठेवला. गुरुपरंपरेतली राघवचैतन्य, केशवचैतन्य ही नावं सांगितली, स्वतःचं नाव सांगितलं, मंत्र दिला. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. एवढं सगळं धडधडीत आठवणारा माणूस मधेच सांगतो, की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं होतं, ते मात्र स्वप्नात विसरलं, आणि मग त्यांना काय घाई झाली कोण जाणे, ते गेले. मला हा अभंग म्हणजे या विषयाचं आदर्श उत्तरपत्रक वाटतं. पावशेर तूप दिलं असं त्यांनी म्हणून टाकलं असतं तर कोण उलटतपासणी घेणार होतं? पण तुपाची जागा त्यांनी मोकळी ठेवली, आणि ती मोकळी आहे म्हणून बाकीच्या अभंगावर विश्वास बसतो. मी तर या एका कसोटीवर स्वप्न सांगणाऱ्याला मार्क देतो. ज्याच्या स्वप्नात एकही तूप राहिलेलं नाही, त्याचं स्वप्न मला दुपारी रचलेलं वाटतं. दृष्टांत होऊन अमक्या शेतात खणल्यावर मूर्ती निघाली, असं सांगणारे बघा: खोली, दिशा, दगडाचा रंग, देणगीची पेटी कुठं ठेवायची ते, सगळं देवाने सांगितलेलं असतं. तूप कुठंच नाही.

शेवटचा तास प्रात्यक्षिकाचा, आणि त्याला परीक्षक बाहेरचा. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेताना सहज म्हणा, "रात्री म्हशी आल्या स्वप्नात." शेजारच्या बाकावरचा वर्तमानपत्र वाचणारा माणूस पेपर खाली करील. हा आकडा लावणारा. मटक्याला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो तुमच्याकडे अगदी अभ्यासूपणे वळेल. तुमचं स्वप्न आजीने अर्ध्यावर घेतलं, बायकोने संशयाने ऐकलं, मित्राने तोडलं. हा एकटाच माणूस शेवटपर्यंत ऐकून घेतो, मधे बोलत नाही, चहा गार होऊ देतो. आजोबांशी त्याला घेणं नाही. कोपरी कुठल्या रंगाची होती, हे तो एकदा विचारील, सवयीने. मग बाकावर पुढे सरकून, आवाज खाली आणून खरा प्रश्न येतो.

"म्हशी किती व्हत्या, सर?"

या क्षणी सात म्हणण्याचा मोह अनावर होतो. समोरच्याचा चेहरा एवढा आशेने बघत असतो, आणि सात हा आकडा जिभेवर तयारच असतो. म्हणू नका. म्हणा, "रांग होती. मोजल्या नाहीत." तो नाराज होईल, "असं कसं सर, एवढं सगळं बघलाव अन् म्हशी मोजल्या न्हाईत?" म्हणेल, आणि पुन्हा पेपर वर करील. तुम्ही पास झालात. चहाचे पैसे मात्र तुम्हालाच द्यावे लागतील.